रक्त आणायला गेलेली आई

इस्पितळाच्या तळघरात, धुलाईखान्याला लागून, एक लांबट खोली होती. फाटलेल्या चादरी, नाड्या तुटलेले पेशंटचे झगे, उसवलेले अभ्रे असं सगळं त्या खोलीत यायचं आणि नीट होऊन वरच्या मजल्यांवर जायचं. हे काम करणाऱ्या बाईला सगळे शिवणबाई म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते वाचायची वेळ कुणावर येत नसे. एकोणीस वर्षं तिने त्या एकाच मशीनवर काढली होती. मशीन कुरकुरायला लागलं की ती त्याच्याशी भांडायची. नवऱ्याशी कधी एवढं भांडली नव्हती.

तिचा थोरला मुलगा सिनेमे करायचा. म्हणजे पोटासाठी लोकांच्या लग्नांचं शूटिंग करायचा आणि जिवासाठी सिनेमा. चार मित्र, उसना कॅमेरा आणि घरच्यांच्या डोक्याला ताप, एवढ्या भांडवलावर त्याने पहिला मोठा सिनेमा सुरू केला, तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. एकदा जेवणाच्या सुट्टीत तो तळघरात उतरला आणि कापडाच्या ढिगावर बसला.

"आई, एक कोट शिवून देशील? बापाचा. म्हणजे सिनेमातल्या."

"कसा हवा?"

"जुना वाटला पाहिजे. आणि डावी बाही मनगटापासून कोपरापर्यंत उघडली पाहिजे. बंद असली की कळता कामा नये."

"बाही कशाला उघडायची?"

"गोष्टीत तसं आहे. बाप-लेकीची गोष्ट आहे, बघशीलच."

तिने फार खोदून विचारलं नाही. लेकाला आपल्या हातच्या कामाची गरज पडली याचाच तिला आनंद झाला होता. तिने एक जुना लोकरी कोट उलटापालटा केला, शिवणीच्या आत अकरा बारीक हूक बसवले, वरून अशी पट्टी दिली की हात लावूनही पत्ता लागू नये. थोरल्याने बाही उघडमीट करून पाहिली आणि म्हणाला, "सिनेमाचं नावच आता 'बाही' ठेवतो." शिवणबाई त्या आठवड्यात नर्सेसना सांगत सुटली, की माझ्या शिवणीवरून सिनेमाचं नाव ठेवलंय.

गोष्ट कशाची आहे, ते तिला एका रविवारी सकाळी कळलं. तिची धाकटी लेक आरशासमोर उभी राहून तोंडात सुळे बसवत होती. या मुलीला घरात भिंगरी म्हणत, कारण अंगात रक्त नसलं तरी ती एका जागी बसायची नाही. अंगात रक्त नसलं, हे बोलण्यापुरतं नव्हे. तिला जन्मापासून थॅलेसेमिया होता. तिच्या शरीरात रक्त टिकत नसे. दर तीन आठवड्यांनी बाहेरून भरावं लागे. वय एकवीस, पण चण बारीक, दिसायला पंधराची.

"हे काय तोंडात?" शिवणबाईने विचारलं.

"शुळे," भिंगरी म्हणाली. मग ते काढून म्हणाली, "सुळे. दादाच्या सिनेमात मीच आहे ना. मी व्हॅम्पायर. बाप आपलं रक्त पाजून मला जगवतो."

शिवणबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातलं भांडं तिने ओट्यावर आदळलं. सख्ख्या बहिणीला रक्तपिशाच करायला निघाला हा. ज्या पोरीला शाळेत पोरं काय काय म्हणायची, तिच्याच दुखण्याचा तमाशा. ती फोन उचलायला वळली, तर भिंगरीने तिचा हात धरला.

"आई, थांब. कल्पना माझी आहे."

"तुझी?"

"मीच त्याला म्हटलं होतं, की मी दर तीन आठवड्यांनी दुसऱ्यांचं रक्त पिते, उन्हात दमते, आरशात बघायला मला आवडत नाही. मग मी कोण? तो हसला. नंतर त्याने लिहून आणलं. मला आवडलं, आई. आयुष्यात पहिल्यांदा मला या आजाराचा काही उपयोग झाला."

ज्याचं जळतं त्यालाच कळतं, आणि जिचं जळत होतं तीच सुळे लावून हसत होती. आईने आपला राग गिळला आणि सिनेमातल्या फ्रॉकची गळपट्टी शिवायला घेतली.

*

सिनेमा पूर्ण व्हायला दीड वर्ष गेलं. पहिला खेळ एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर होता, रविवारी सकाळी दहा वाजता. सत्तर खुर्च्या, आणि सगळ्या भरलेल्या. इस्पितळातलीही पंधरावीस माणसं आली होती. पहिल्या रांगेत शिवणबाई, शेजारी तिचा नवरा.

हा नवरा छापखान्यांची प्रुफं तपासायचा. घरी बसून, लाल पेन घेऊन. स्वभावाने गरीब, आवाजाने त्याहून गरीब. त्याने कुणाचं वाईट केलं नाही, आणि चांगलं केलं असेल तरी कुणाला ऐकू गेलं नाही.

दिवे मालवले. पडद्यावर एक खोली आली, खिडकीला जाड पडदा, पलंगावर भिंगरी. सुळे दिसत नव्हते अजून. कोट घातलेला बाप, म्हणजे थोरल्याचा एक मित्र, तिच्या शेजारी बसून पुस्तक वाचून दाखवत होता. मुलीने विचारलं, "आई कुठे आहे?" बापाने पुस्तक मिटलं, खिडकीकडे तोंड केलं आणि म्हणाला, "तुझी आई घाबरली गं. गेली ती."

मग त्याने बाही उघडली. एकेक हूक, टिक टिक टिक.

पुढचा तास-सव्वा तास तो बाप वाळत गेला आणि पोर जगत गेली. शेवटी बापाने उरलंसुरलंही दिलं आणि तो कोट रिकामा झाल्यासारखा खुर्चीत पडून राहिला. अंधारात हुंदके सुरू होते. कुणी नाक ओढत होतं, कुणी चष्मा पुसत होतं.

शिवणबाईच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. तिच्या कानात एकच वाक्य घुमत होतं. घाबरली. गेली.

दिवे लागले आणि लोक उठून थेट तिच्या नवऱ्याकडे आले. कारण सगळ्यांना ठाऊक होतं, मुलगा यांचा, मुलगी यांची, म्हणजे बाप हाच. "काय बाप आहात हो," एक बाई म्हणाली. "देवाने प्रत्येक मुलीला असा बाप द्यावा." कुणी त्याचा डावा हात हातात घेतला, जणू तिथे खुणा सापडणार होत्या. नवरा अवघडून हसत होता. "नाही हो, तसं काही नाही," असं तो म्हणत होता, पण अशा सुरात, की लोकांना तो विनय वाटावा.

रक्तपेढीतली जुनी सिस्टर तेवढी शिवणबाईजवळ आली. तिने तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हातानेच शिवणबाईचा बांध फुटायचा, पण तिने तो फुटू दिला नाही.

*

घरी आल्यावर तिने पर्स खुंटीला अडकवली, पाणी प्यायली आणि मुलासमोर उभी राहिली.

"माणसाच्या अंगात रक्त किती असतं रे?"

"आई..."

"पाच लिटर. एकदा दिलं की तीन महिने देता येत नाही. भिंगरीला तीन आठवड्यांनी लागतं. तुझा बाप त्या कोटात दोन महिन्यांत मेला असता. प्रेम कितीही असो, प्रेमाने हिमोग्लोबिन वाढत नाही."

"तो सिनेमा आहे, आई. रूपक आहे ते."

"रूपक असेल, नाहीतर आणखी काही. तुझे बाबा रक्त द्यायला एकदा गेले. त्यांचं चाललं नाही. मी चार वेळा गेले, माझंही नाही चाललं. ज्या आईबापांकडून हा आजार येतो, त्यांचंच रक्त पातळ असतं. हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मग रक्त यायचं कुठून?"

शिवणबाई थांबली नाही. इतकी वर्षं साठलेलं होतं, ते आता धो धो निघालं.

इस्पितळाचा नियम होता: रक्ताची पिशवी हवी तर तिच्यामागे एक दाता आणा. दाता नाही तर पिशवी नाही. भिंगरी आठ महिन्यांची असल्यापासून दर तीन आठवड्यांनी एक माणूस शोधायचा. नात्यातले सहा महिन्यांत संपले. पहिल्यांदा आपणहून आलेले दीर दुसऱ्या खेपेला फोन उचलेनासे झाले. मग शिवणबाई बाहेर पडली. बसडेपोत गेली, बेकरीत गेली, अग्निशमन केंद्रात गेली, पोहण्याच्या तलावावर गेली. अनोळखी पुरुषांसमोर उभी राहून म्हणाली, माझ्या मुलीला रक्त हवंय. कुणी भिकारीण समजून हाकललं, कुणी वाईट नजरेने बघितलं, कुणी उद्या ये म्हणालं आणि उद्या सुट्टीवर गेलं. इस्पितळातली नोकरीही तिने त्यासाठीच धरली, रक्तपेढीच्या जिन्याखाली असायला मिळावं म्हणून. पाचला काम संपायचं, आणि आठपर्यंत ती दारोदार असायची.

"आणि तू पडद्यावर सांगितलंस, आई घाबरली," ती म्हणाली. "घाबरली असते तर बरं झालं असतं. घरात बसून गोष्टी वाचल्या असत्या मीही."

हा शेवटचा बाण नवऱ्याला होता, आणि तो लागला. तो खुर्चीत आणखी आत गेला.

"अहो, तुम्ही तरी," ती त्याच्याकडे वळली. "जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरलंत. काना-मात्रा सुटली तर तुमची झोप उडते. तुमच्याच घरातली बायको सुटली, ती नाही दिसली? लोक हात हातात घेत होते तेव्हा एक वाक्य बोलायला काय झालं होतं?"

"सांगणार होतो," तो म्हणाला. "गर्दी होती."

"गर्दीतच सांगायचं असतं. एकांतात मला माहीत आहे."

मग थोरला बोलला. इतका वेळ तो जमिनीकडे बघत होता, तसाच बघत राहिला.

"आई, तू दारोदार फिरायचीस हे मला कळलं तेव्हा मी कॉलेजात होतो. त्याआधी कुणी सांगितलं नाही मला. तू जायला लागलीस तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. तू सकाळी सातला म्हणायचीस, संध्याकाळी येते. मी खिडकीत उभा राहायचो. बाबा आत भिंगरीला वाचून दाखवत असायचे. मी त्यांना विचारायचो, आई कुठे आहे, तर ते म्हणायचे, गेलीय, येईल. तू येईपर्यंत मी कधीकधी तिथेच, खिडकीखाली झोपलेला असायचो. मी ते लिहिलं. मला जे दिसलं, ते."

हे शिवणबाईला ठाऊक नव्हतं. पोरगा खिडकीखाली झोपलेला तिने कित्येकदा उचलून आत नेला होता, पण तिला वाटायचं, खेळता खेळता झोपला.

तिचा राग तरीही गेला नाही. उलट त्याला आता कुठे बसावं ते कळेना, म्हणून तो घरभर फिरू लागला.

"मग तसं लिहायचं होतंस," ती शेवटी म्हणाली. "आई रक्त आणायला गेली, असं लिही. मी वाट बघितली, असंही लिही, मला चालेल. नुसतं 'गेली' लिहू नकोस."

"सिनेमा झालाय, आई."

"मग झाला," असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली आणि सगळी भांडी, स्वच्छ असलेलीही, पुन्हा घासून काढली.

*

प्रकरण तिथे मिटलं असतं. पण रक्तविकार विभागाच्या मोठ्या डॉक्टरांनी सिनेमा पाहिला होता आणि ते भारावले होते. त्यांनी ठरवलं, थॅलेसेमियाच्या मुलांच्या पालकांचा मेळावा घ्यायचा, इस्पितळाच्या सभागृहात हा सिनेमा दाखवायचा आणि त्या आदर्श पित्याचा सत्कार करायचा. शनिवार, दुपारी तीन.

ही बातमी शिवणबाईला कळली ती कामाचा कागद म्हणून. प्रशासनातली बाई तळघरात आली आणि म्हणाली, "स्टेजवरच्या टेबलाला झालर हवीय, हिरवी. आणि अहो, अभिनंदन हं. तुमच्या मिस्टरांचा सत्कार आहे."

शिवणबाईने कागद वाचला. 'आदर्श पिता' असे शब्द होते, ठळक टाइपात. तिने झालर शिवली, कारण काम ते काम. पण सुई इतकी जोरात चालवली, की दोनदा मोडली. ज्या इस्पितळाने तिला एकवीस वर्षं माणसं आणायला पिटाळलं, तेच इस्पितळ आता हार घेऊन उभं होतं, आणि तेही चुकीच्या गळ्यासाठी.

त्या संध्याकाळी तिने फोन हातात घेतला आणि एकेकाला लावत गेली. डेपोतला लांब कंडक्टर, आता निवृत्त. बेकरीवाले मामा. अग्निशमन केंद्रातले दोघे भाऊ, ज्यांना ती शिडीवाले म्हणायची. पोहायला शिकवणारे डुबकीसर. शाळेतली कारकून बाई, जिने नऊ वर्षांत एकदाही नाही म्हटलं नव्हतं. असे रक्त देणारे एकूण चौदा जण.

"शनिवारी माझ्या लेकाचा सिनेमा आहे," ती प्रत्येकाला म्हणाली. "भिंगरीने काम केलंय. या."

आणखी काही सांगितलं नाही. का बोलावतेय, ते तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. निदान चौदा माणसं तरी त्या अंधारात अशी असावीत, ज्यांना खरं माहीत आहे, एवढंच तिच्या मनात होतं.

शनिवारी सभागृह भरलं. पुढच्या तीन रांगांत मुलांना मांडीवर घेतलेले आईबाप, त्यात आयाच जास्त. मागे डॉक्टर, नर्सेस. मध्ये शिवणबाईची चौदा माणसं, ठेवणीतले कपडे घालून. भिंगरी त्यांच्यात जाऊन बसली. यांच्यातल्या प्रत्येकाचं रक्त कधी ना कधी तिच्या अंगात फिरून गेलं होतं आणि ती सगळ्यांना मामा, मावशी म्हणायची. थोरला दाराजवळ उभा होता.

सिनेमा सुरू झाला. मुलीने विचारलं, आई कुठे आहे. बाप खिडकीकडे वळला. "तुझी आई घाबरली गं. गेली ती."

"गेली कुठे?" लांब कंडक्टर म्हणाला. "डेपोत आली होती ना."

तो शेजारणीच्या कानात कुजबुजला होता. पण तीस वर्षं भरल्या बसमध्ये थांब्यांची नावं पुकारलेल्या माणसाची कुजबूज ती. सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचली.

"आमच्याकडेही यायची," बेकरीवाले मामा अंधारातून म्हणाले. "गुरुवारी. भट्टीसमोर उभी राहायची, घामाघूम."

"माझ्याकडे तर पावसात आली होती, तलाव बंद असताना," डुबकीसर म्हणाले. "मी म्हटलं, बाई, आज तुम्हीच पोहत आलात."

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. मग पुढच्या रांगेतल्या एका आईने मागे वळून बघितलं, की ही कोण बाई, आणि हसू हळूहळू थांबलं. पडद्यावर हूक उघडत होते, पण लोकांचं लक्ष उडालं होतं. शिवणबाई ताठ बसली होती. तिला रडू येत होतं आणि रडू आल्याचा राग येत होता.

सिनेमा संपल्यावर सत्कार. नवऱ्याला स्टेजवर बोलावलं, हातात फुलं दिली, पुढे माईक सरकवला. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. दोन रात्री बसून त्याने तो लिहिला होता, खाडाखोड करून, लाल पेनाने. तो वाचू लागला. ओठ हलत होते. वाचून झाल्यावर त्याने शिवणबाईकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच त्याची मान ताठ होती.

माईक बंद होता. त्याचा आवाज पहिल्या रांगेलाही गेला नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शिवणबाईला हसावं की कपाळ बडवावं कळेना. पण त्या कागदात काय होतं, ते तिने त्याच्या मानेवरून ओळखलं.

मोठे डॉक्टर हुशार होते. अंधारातलं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी माईकचं बटण दाबलं आणि म्हणाले, "आता या आदर्श पित्याच्या मागे उभ्या असलेल्या माउलीलाही मी व्यासपीठावर..."

"मागे नव्हते मी," ती जागेवरून उठत म्हणाली. ती वर गेली. त्यांनी फुलं पुढे केली, ती तिने टेबलावर ठेवली, स्वतः शिवलेल्या झालरीवर, आणि माईक आपल्याकडे ओढला.

"डॉक्टरसाहेब, एकच विचारते. पिशवीमागे दाता आणायचा नियम अजून आहे का?"

"बघा, त्यामागे एक धोरण आहे. रक्ताचा साठा..."

"आहे की नाही?"

"आहे."

"मग या पुढच्या रांगेतल्या बायका सोमवारी संध्याकाळी कुठे जाणार, ते मला माहीत आहे," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण माईक चालू होता. "कुणी डेपोत, कुणी कारखान्याच्या फाटकावर. पदर पसरून. आणि यांची दुसरी मुलं घरी खिडकीत उभी राहणार. ती मोठी झाल्यावर म्हणतील, आई गेली होती. तुम्ही तेव्हाही सत्कार कराल, बापाचा. आमच्यावर सिनेमा काढा, हार घाला, हरकत नाही. पण रक्त आणणं हे इस्पितळाचं काम आहे. आईचं काम घरी जाणं आहे. ते तुम्ही मला एकवीस वर्षं करू दिलं नाहीत."

दाराजवळ थोरला भिंतीकडे तोंड करून उभा होता. मोठे डॉक्टर म्हणाले, "आपण यावर जरूर विचार करू." शिवणबाई म्हणाली, "मी तळघरात असते. विचार झाला की कळवा."

बाहेर व्हरांड्यात पुढच्या रांगेतल्या आया तिच्याभोवती जमल्या. तेवढ्यात धाकट्या शिडीवाल्याने एका बाईला विचारलं, "तुमच्या मुलाचा रक्तगट कोणता?" आणि कारकून बाईने पर्समधून पेन काढलं.

*

विचार व्हायला पाच महिने लागले. आपोआप झाला नाही. त्या आया दोन सकाळी प्रशासनाच्या दाराशी मुलं घेऊन बसल्या, अधिकाऱ्यांनी एकमेकांकडे बोटं दाखवली, आणि मग एक दिवस सूचनाफलकावर कागद लागला, की थॅलेसेमियाच्या मुलांना दात्याशिवाय रक्त मिळेल. कागदावर कुणाचे आभार नव्हते. रक्तपेढीतली सिस्टर तो कागद वाचून तळघरात आली आणि शिवणबाईच्या मशीनशेजारी बसून मनसोक्त रडली. शिवणबाई म्हणाली, "आता का रडतेस? वीस वर्षांपूर्वी रडायचं होतंस." मग तीही रडली.

थोरल्याने सिनेमातलं ते वाक्य बदललं. बापाचं तोंड खिडकीकडे होतं, म्हणून ते जमलं. नव्या आवाजात बाप म्हणतो, "तुझी आई रक्त आणायला गेलीय." त्यामुळे पुढची गोष्ट जरा लंगडते, हे थोरल्यालाही माहीत होतं. आई रक्त आणणार असेल तर बापाने बाही का उघडावी, असं मित्रांनी विचारलं. तो म्हणाला, "तिला यायला उशीर होतो म्हणून." एका वर्तमानपत्रात कुणीतरी लिहिलं, की सिनेमा उत्तम आहे, फक्त सुरुवातीचं ते आईबद्दलचं वाक्य अनावश्यक वाटतं. शिवणबाईने ते कात्रण वाचलं आणि दिवसभर धुसफुसत राहिली. "अनावश्यक म्हणे," ती प्रत्येक चादरीला सांगत होती.

पुढच्या शनिवारी थोरला दुपारीच घरी आला. कॅमेरा आणला नव्हता. म्हणाला, "आई, तू कुठे कुठे जायचीस, ते मला दाखव."

"लांब आहे. चालावं लागेल."

"चालतो."

ती चपला घालून निघाली, तो मागोमाग. डेपोपर्यंत ती त्याला रागावतच होती: तेव्हा विचारलं का नाहीस, बाबांना ओरडून का विचारलं नाहीस, दार उघडून शोधायला का निघाला नाहीस. आठ वर्षांच्या मुलाला विचारावं तसं ती अठ्ठावीस उलटून गेलेल्या माणसाला विचारत होती, आणि तोही प्रत्येक प्रश्नाला "चुकलं" म्हणत होता. डेपोच्या फाटकाशी तिने त्याला एक दगडी कट्टा दाखवला.

"इथे बसायचे मी. शिफ्ट सुटायची वाट बघत."

"किती वेळ?"

"कधी तास, कधी दोन."

तो कट्ट्यावर बसला. तिला वाटलं, दमला असेल. मग तो सरकला आणि तिच्यासाठी जागा केली. ती बसली. फाटकातून बसेस आत येत होत्या, बाहेर जात होत्या, आणि बराच वेळ दोघांपैकी कुणीच उठायला तयार नव्हतं.

"चल," ती शेवटी म्हणाली. "अजून बेकरी राहिलीय. आणि तिथे मामा तुला चार शब्द सुनावणार आहेत, ऐकून घे."